आधी षड्ज: स्वराभ्यासाविषयी वाचकांचे प्रश्न

घरी रियाज करणाऱ्या वाचकांनी आपल्या अडचणी कळवाव्यात, असे आवाहन मागील अंकात केले होते. त्यावर ग्वाल्हेरच्या लष्कर, मुरार, थाटीपूर आणि हजिरा भागांतून, तसेच इंदूरहून पत्रे आली. त्यांत रागांविषयीचे प्रश्न अगदी थोडे आहेत; बहुतेकांना षड्ज (सा), ऋषभ (रे), गांधार (ग), मध्यम (म), पंचम (प), धैवत (ध) आणि निषाद (नी) या पहिल्या सात स्वरांनीच अडवले आहे. ही अडचण मोकळेपणाने लिहिणाऱ्या वाचकांचे मला मनापासून कौतुक वाटते, कारण पाच-सहा राग ‘झाले’ असे सांगणाऱ्या विद्यार्थ्याचा गांधार पुन्हा पहिल्यापासून जागेवर आणण्याची वेळ शिक्षकावर वारंवार येते. या पत्रांच्या मुळाशी बहुतांशी एकच समजूत आहे, ती अशी की स्वर पेटीच्या (हार्मोनियमच्या) ठरावीक पट्टीवर कायमचा बसलेला असतो. वास्तविक षड्ज ठरल्यावाचून दुसऱ्या कोणत्याही स्वराला जागाच नसते. म्हणून षड्जाविषयीचे पत्र प्रथम घेतो.

प्रश्न: माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. तिच्याबरोबर मीही शिकावे म्हणून सासूबाईंची जुनी पेटी दुरुस्त करून घेतली. पुस्तकात ‘सा म्हणजे पांढरी एक’ असे दिले आहे. ती खालच्या सप्तकातली धरली तर आवाज बसल्यासारखा होतो, वरच्या सप्तकातली धरली तर तार षड्जाच्या, म्हणजे त्याच्याही वरच्या सप्तकातल्या सा च्या, पुढे गळा ताणतो. आम्हा मायलेकींचा सा कोणता धरावा? (एक गृहिणी, लष्कर)

उत्तर: पुस्तकातली पांढरी एक, म्हणजे सप्तकातली पहिली पांढरी पट्टी, बोटांच्या सोयीसाठी दिलेली आहे. त्या पट्टीपासून सुरुवात केली की सातही शुद्ध स्वर पांढऱ्या पट्ट्यांवर येतात, मध्ये एकही काळी पट्टी घ्यावी लागत नाही, आणि नवशिक्याला पेटीवर बोटे फिरवणे सोपे जाते. गळ्याचा विचार त्यात केलेलाच नाही. आपल्या संगीतात षड्जाची उंची बाहेरून ठरवून दिलेली नसते. गाणारा आपल्या आवाजाला मानवेल ती पट्टी निवडून तिला सा म्हणतो, आणि शुद्ध, कोमल (उतरलेले) व तीव्र (चढलेला) मिळून बाकीचे अकरा स्वर त्या सा पासून आपापल्या अंतरावर येऊन बसतात. साधारणपणे पुरुषांचा आवाज काळी एक, काळी दोन किंवा त्यांच्या आसपास लागतो, तर स्त्रियांचा पांढरी पाच, काळी चार, काळी पाच या टापूत लागतो. हे ढोबळ अंदाज आहेत. शेजारच्या ताई काळी पाचमध्ये गातात म्हणून आपणही तीच पट्टी धरणे योग्य नाही, आणि उंच पट्टीत गाणे म्हणजे चांगले गाणे, हा समज तर गळ्याला थेट अपाय करणारा आहे.

तुमची पट्टी शोधण्याची सोपी रीत सांगतो. झोपेतून उठल्याबरोबर हा प्रयोग करू नका. गळा बोलून-चालून मोकळा झाल्यावर पेटीवर एकेक पट्टी खाली उतरत जा, आणि न दाबता, न घोगरा होता, मोकळ्या आकारात, म्हणजे ‘आ’ या उच्चारात, जो सर्वांत खालचा स्वर टिकतो, तो धरा. त्याला मंद्र पंचम, म्हणजे खालच्या सप्तकातला प, समजा. तेथून काळ्या आणि पांढऱ्या अशा सर्व पट्ट्या मोजत वरच्या पाचव्या पट्टीवर या. तो तुमचा षड्ज. उदाहरणार्थ, शेवटचा स्पष्ट स्वर काळी दोनवर आला असेल, तर पुढची मोजणी पांढरी तीन, पांढरी चार, काळी तीन, पांढरी पाच आणि काळी चार अशी होईल, म्हणजे तुमचा सा काळी चार. त्यानंतर त्याच षड्जावरून वर जाऊन तार गांधार घेऊन पाहा. तेथे मान उचलावी लागत असेल, भुवया चढत असतील किंवा आवाज पातळ होऊन फाटत असेल, तर षड्ज अर्ध्या स्वराने, म्हणजे एका पट्टीने, खाली आणा.

मुलीच्या बाबतीत ही रीत तशीच्या तशी वापरू नका. लहान मुलांना खालचे सप्तक फारसे नसते. ती मंद्र निषाद किंवा धैवतापर्यंत पोचली तरी पुष्कळ झाले. तरीही आई आणि लहान मुलाची पट्टी बऱ्याचदा जुळते, आणि ती जुळली तर दोघींनी एकाच षड्जात बसण्यासारखी चांगली गोष्ट नाही, कारण मुलगी तुमच्या आवाजातून जेवढे उचलील तेवढे पेटीतून उचलणार नाही. एकदा ठरलेली पट्टी मात्र रोज बदलू नका.

प्रश्न: आमच्या गुरुजींनी पहिल्याच दिवशी ‘पेटी बंद करा, तंबोरा घ्या’ असे सांगितले. तंबोरा विकत घेण्याची माझी ऐपत नाही, म्हणून मोबाइलवरचा तंबोरा वापरतो. पण पेटीत काय वाईट आहे, हे मला कोणी समजावून सांगत नाही. मी आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवले आहे. कारण आकड्यांत सांगितलेत तर बरे होईल. (एक निवृत्त शिक्षक, मुरार)

उत्तर: तुमचा आग्रह मला आवडला, कारण या विषयात नुसत्या आज्ञेपेक्षा कारण कळलेला विद्यार्थी अधिक दक्षतेने ऐकतो.

गणिताच्या सोयीसाठी मध्य षड्जाची कंपनसंख्या सेकंदाला २४० धरू. मग पंचम ३६०, तार षड्ज ४८० आणि शुद्ध गांधार ३०० येतो. म्हणजे सा आणि ग यांचे प्रमाण चारास पाच. आजची पेटी मात्र सप्तकाचे बारा अगदी समान भाग पाडून जुळवलेली असते, म्हणजे कोणत्याही पट्टीला सा मानले तरी सारखेच काम भागते. या सोयीची किंमत स्वरांना मोजावी लागते. त्या हिशेबाने पेटीचा पंचम ३५९.६ येतो, हा फरक कानाला जवळजवळ जाणवत नाही. मध्यमही ३२०च्या जागी ३२०.४ येतो. परंतु गांधार ३०२.४, धैवत ४००च्या जागी ४०३.६ आणि निषाद ४५०च्या जागी ४५३.१ असे चढे येतात. पेटीवर सा आणि ग एकदम दाबून ठेवल्यास स्वरात जी बारीक थरथर ऐकू येते, ती या फरकाचीच.

आता तंबोऱ्याकडे पाहा. पहिली तार मंद्र पंचमात, मधल्या दोन जोडाच्या तारा मध्य षड्जात आणि शेवटची जाड तार खर्जात, म्हणजे मंद्र षड्जात मिळवलेली असते. खर्जाची तार आपल्या हिशेबात १२० कंपनांची झाली. कोणतीही तार छेडली की मूळ स्वराबरोबर तिची दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट कंपनेही निर्माण होतात, आणि जवारी (तार जिथे टेकते त्या घोडीवरची तिची बैठक) नीट लागलेली असेल तर ती एरवी दबलेली कंपने मोठी होऊन बाहेर येतात. १२०ची पाचपट ६००, म्हणजे तार सप्तकातला शुद्ध गांधार. कोणीही ग छेडलेला नसताना खर्जाच्या तारेतून गांधार ऐकू येतो तो असा. पंचमाची तार १८०ची; तिची तिप्पट ५४०, म्हणजे तार ऋषभ, आणि पाचपट ९००, म्हणजे निषाद. दोनच स्वरांत मिळवलेल्या चार तारा गाणाऱ्याच्या कानाशी गांधार, ऋषभ आणि निषादसुद्धा धरून ठेवतात. विद्यार्थ्याने आपला गांधार त्या गांधारात मिळवायचा असतो. शेजारी पेटीचा ३०२.४चा गांधार मोठ्याने वाजत राहिला तर तंबोऱ्यातला ३००चा गांधार त्याखाली झाकला जातो, आणि कान चढ्या गांधारालाच खरा मानू लागतो. एकदा लागलेली ही सवय मोडायला फार कष्ट पडतात.

याचा अर्थ पेटी वर्ज्य आहे असा नाही. आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली होती आणि ती पुढे अनेक वर्षे टिकली, तरी ख्यालगायनाच्या साथीत पेटीने आपली जागा सोडली नाही, आणि उत्तम पेटीवादक गायकाला किती आधार देतो हे मैफलीत बसणाऱ्याला सांगावे लागत नाही. पण ती साथ तयार गळ्याला असते. शिकण्याच्या काळात पेटीवरून षड्ज आणि पंचम पडताळून घ्यावेत आणि भाता बंद करावा, एवढीच माझी सूचना आहे. पेटीची पट्टी दाबून त्यावर आवाज ठेवणाऱ्याला आपला स्वर चुकला हे कळत नाही, कारण पेटी तो झाकून टाकते.

मोबाइलवरचा तंबोरा चालेल. आवाज आपल्या आवाजापेक्षा लहान ठेवा, शक्य असेल तर तो छोट्या स्पीकरवर घेऊन एका बाजूला थोडा मागे ठेवा, आणि दोन्ही कानांत इअरफोन घालून गाऊ नका, कारण मग स्वतःचा आवाज खराखुरा ऐकू येत नाही. मालकंसासारखा पंचम नसलेला राग पुढे शिकाल तेव्हा पहिली तार मध्यमात घ्यावी लागेल. आज पंचमच ठेवा.

प्रश्न: एक वर्षापासून रोज आरोह-अवरोह आणि दहा-बारा अलंकार (स्वरांचे ठरावीक पलटे) म्हणतो. द्रुत लयीत सगळे बिनचूक येते. पण ताईंनी अचानक ‘धैवत लाव’ म्हटले की लागत नाही. मनातल्या मनात सारेगमप म्हणत वर चढावे लागते. माझ्या अभ्यासात काय राहून गेले? (महाविद्यालयीन विद्यार्थी, थाटीपूर)

उत्तर: सात नवे किती असे विचारल्यावर सात एके सातपासून पाढा म्हणत येणाऱ्या मुलाला पाढा पाठ असतो, गुणाकार येत नसतो. तुमच्या गळ्याला स्वरांचा क्रम पाठ झाला आहे. प्रत्येक स्वराचे षड्जाशी असलेले नाते अजून कानात उतरलेले नाही. द्रुत लयीतला सफाईदार अलंकार हे दोष झाकतो, म्हणून पहिल्या वर्षी लय वाढवण्याची घाई करणाऱ्या शिकवणीबद्दल माझे मत फारसे चांगले नाही.

तुम्ही अलंकार सोडू नका, पण त्यांच्याआधी निराळ्या क्रमाने स्वर लावायला सुरुवात करा. सा रे ग म हा म्हणण्याचा क्रम आहे. कानाला ओळख पटण्याचा क्रम वेगळा आहे. प्रथम तंबोऱ्यावर नुसता षड्ज लावा, पूर्ण श्वासाचा, मोकळ्या आकारात, शेवटी ढळू न देता. आपला आवाज तंबोऱ्यात विरून गेल्यासारखा वाटेपर्यंत दुसरा स्वर घेऊ नका. मग थेट पंचम. सा आणि प यांचे नाते इतके सरळ आहे की पंचम किंचित उतरला तरी शिकाऊ कानालाही खटकते. त्यानंतर तार षड्ज, आणि मग मंद्र पंचम. या चार मुक्कामांवर कोणत्याही क्रमाने, मध्ये एकही स्वर न घेता, सरळ जाता येऊ लागले की गांधार घ्या, तोही रेच्या पायरीने नव्हे, तर षड्जावरून एकदम, खर्जाच्या तारेत ऐकून.

येथून पुढे स्वर जोडीने शिकावेत. सा आणि प यांच्यात जे अंतर आहे, तेच ग आणि नी यांच्यात आहे. तेच म आणि तार सा यांच्यातही आहे. आपल्या शास्त्रकारांनी याला षड्ज-पंचम भाव म्हटले आहे, आणि हा शब्द परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत अडकून पडावा ही खेदाची गोष्ट आहे, कारण तो रोजच्या रियाजाचा आहे. ‘सा प’ असे आकारात म्हणा, तोच घाट कानात ठेवून ‘ग नी’ म्हणा. घाट तोच वाटला पाहिजे. वाटला नाही तर नी चुकलेला आहे, आणि बहुधा तो उतरलेला असतो. नंतर ‘म सां’. रे आणि ध ही जोडी मी शेवटी ठेवतो. ती सर्वांत नाजूक आहे, कारण धैवत पंचमाच्या शेजारी बसून त्याच्याकडे झुकत असतो, आणि तुम्ही क्रमाने चढत त्याच्यापर्यंत पोचत असल्यामुळे पंचमाशिवाय तो तुम्हाला ठाऊकच नाही. षड्ज घ्या, दोन श्वास गप्प राहा, मनात धैवत ऐका, आणि मगच गळ्यातून काढा. मनात ऐकू न आलेला स्वर गळ्यातून शोधत जाऊ नका. आधी कानात आलेला स्वरच गळ्यात नेमका उतरतो.

घरातल्या कोणाला तरी मदतीला घ्या. त्यांनी षड्जानंतर पेटीवर कोणताही एक स्वर वाजवावा आणि तुम्ही त्याचे नाव सांगावे. मग त्यांनी नाव सांगावे आणि तुम्ही लावावा. पेटीच्या गांधाराबद्दल वर जे लिहिले आहे ते या ओळखीच्या खेळाला आड येत नाही, कारण येथे स्वर ओळखायचा आहे, त्यात आवाज मिळवायचा नाही. अलंकार म्हणताना प्रत्येक अलंकार आधी स्वरनामांनी आणि लगेच आकारात म्हणा. ‘सारेग, रेगम, गमप’ हा साधा अलंकारसुद्धा आकारात विलंबित लयीत घेतला की कोणता स्वर पोकळ आहे ते चटकन उघडे पडते. सा, रे, ग या अक्षरांचा आधार गळा नकळत घेत असतो.

आणखी एक गोष्ट. तुमच्या पत्रात बंदिशीचा उल्लेखच नाही. वर्षभर फक्त अलंकार म्हणवून घेणे हे आपल्या गावच्या परंपरेला धरून नाही. ग्वाल्हेरचे गायक बंधू हस्सू-हद्दू खाँ आणि त्यांच्यानंतर बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपासून महाराष्ट्रात पोचलेली ग्वाल्हेरची तालीम बंदिशीच्या अंगाने चालते, आणि स्वराला त्याची जागा बंदिशीतल्या शब्दाच्या वजनाबरोबर समजते. ताईंना विनंती करून भूप रागातली एखादी सोपी मध्यलयीची बंदिश घ्या. भूपात मध्यम आणि निषाद नाहीत, त्यामुळे दोन स्वरांमधले अर्ध्या स्वराचे अंतर कोठेच येत नाही, आणि ज्या धैवताने तुम्हाला अडवले आहे तो तेथे तार षड्जाकडे जाताना आणि पंचमाकडे परतताना पुन्हा पुन्हा भेटतो.

प्रश्न: शुद्ध स्वर बरे लागतात, पण भैरव शिकायला घेतल्यापासून कोमल ऋषभ कधी षड्जाला चिकटतो, तर कधी शुद्धाच्या जवळ जातो. गुरुजी आंदोलन द्या, म्हणजे स्वर संथपणे झुलवा, म्हणतात, त्याने गोंधळ आणखी वाढतो. (एक वाचक, इंदूर)

उत्तर: तुम्ही कोमल ऋषभ शुद्ध ऋषभावरून खाली मोजत आहात, असा माझा तर्क आहे. कोमल म्हणजे ‘शुद्धापेक्षा थोडा खाली’ असे डोक्यात धरले की ‘थोडा’ रोज बदलतो. कोमल ऋषभालाही षड्जावरूनच गाठले पाहिजे, आणि त्यासाठी तुमच्याकडे आधीपासून असलेले माप वापरता येते. गांधार आणि शुद्ध मध्यम यांच्यातले अंतर तुमच्या गळ्यात पक्के आहे. ‘ग म, म ग’ असे आकारात काही वेळा म्हणा, आणि तोच तुकडा, तेवढाच, षड्जापासून म्हणा: ‘सा रे, रे सा’. हा रे कोमल आहे.

तो बरोबर आहे की नाही हे पडताळण्याच्या दोन रीती आहेत. कोमल ऋषभावरून शुद्ध मध्यमावर गेलात तर ‘सा ग’ हाच घाट ऐकू आला पाहिजे. कोमल ऋषभावरून कोमल धैवतावर गेलात तर ‘सा प’ ऐकू आला पाहिजे. कोमल धैवताचीही स्वतंत्र खूण आहे: त्याच्यावरून तार षड्जावर गेले की पुन्हा ‘सा ग’ मिळतो. भैरवात ऋषभ आणि धैवत हे दोन्ही कोमल स्वर एकमेकांना असे धरून असतात, म्हणूनच पूर्वांगात (सप्तकाच्या खालच्या अर्ध्यात) जे म्हटले त्याचे उत्तर उत्तरांगात (वरच्या अर्ध्यात) मिळते.

आंदोलनाविषयी गुरुजींचे म्हणणे खरे आहे. आंदोलित ऋषभ आणि धैवत हा भैरवाचा प्राण आहे. फक्त त्यांना विनंती करून पंधरा दिवसांची सवलत मागा. स्थिर न झालेल्या स्वराला झोका दिला तर तो कोठून निघाला आणि कोठे परतायचे हे गळ्याला कळत नाही. पंधरा दिवस ऋषभ स्थिर लावा, मग गांधाराचा अगदी हलका स्पर्श घेऊन त्यावर संथपणे परत या. आंदोलन गुरूच्या समोर बसूनच शिकावे. मी येथे लिहून त्याची लय सांगू शकत नाही.

प्रश्न: वयाच्या साठाव्या वर्षी सुरुवात करावी असे वाटते, पण लहानपणी ‘तू बेसूर आहेस’ असे ऐकले ते मनातून जात नाही. (एक वाचक भगिनी, लष्कर)

उत्तर: ओळखीच्या भजनाची चाल कोणी चुकवली तर तुम्हाला कळते का? कळत असेल तर तुमचा कान शाबूत आहे आणि गळ्याला फक्त सराव नाही. चाल चुकलेली अजिबातच न कळणारी माणसे फार थोडी असतात. पट्टी थोडी खालची धरा, रोज वीस मिनिटे बसा, आणि तार सप्तकाच्या मागे लागू नका.

प्रश्न: मुलगा तेरा वर्षांचा आहे, चार वर्षांपासून शिकतो. अलीकडे त्याचा आवाज मध्येच फुटतो, वरचे स्वर गेले आहेत. गाणे काही काळ बंद ठेवावे का? (एक पालक, हजिरा)

उत्तर: बंद ठेवू नका. या वयात मुलांचे स्वरयंत्र वेगाने वाढते आणि स्वरतंतू लांब व जाड होतात, त्यामुळे आवाज सुमारे एका सप्तकाने खाली उतरतो. तो उतरेपर्यंत जुन्या पट्टीचा हट्ट धरणे धोक्याचे आहे. काळी चारचा सा आज काळी दोन झाला असेल तर काळी दोन, पुढे आणखी उतरला तर आणखी खाली. तार सप्तक, जलद ताना आणि गर्दीत मोठ्याने गाणे या काळात टाळावे. मध्य सप्तकातले लहान आवाजातले आकार, आणि त्याहून जास्त वेळ ऐकणे व तालाचा अभ्यास करावा. स्पर्धेत नाव दिले असेल तर मागे घ्यायला संकोच करू नका. आवाज फुटण्याबरोबर वेदना होत असतील, किंवा घोगरेपणा तीन-चार आठवडे सलग राहिला, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवा. मुलाशी मोकळेपणाने बोला. चार वर्षे कमावलेला आवाज गेला असे वाटून या वयात गाणे सोडून देणाऱ्या मुलांची संख्या कमी नाही, आणि घरातल्या एका माणसाने वेळीच समजावले असते तर त्यांतली बरीच मुले आज गात असती.

प्रश्न: आजोबांची बंदिशींची वही सापडली. मी संगीत महाविद्यालयात शिकलेल्या पद्धतीने ती वाचून पाहिली, तर साध्या यमनाच्या बंदिशीत भलतेच कोमल स्वर आणि नको तेथे तार सप्तक येते. आजोबांनी चुकीचे लिहिले असेल, असे वाटत नाही. (एक वाचक, लष्कर)

उत्तर: आजोबांनी बरोबरच लिहिले असणार; तुम्ही एका लिपीतला मजकूर दुसऱ्या लिपीने वाचत आहात. आपल्या गावात दोन्ही स्वरलेखन पद्धती नांदल्या आहेत. पं. विष्णु दिगंबर पलुस्कर हे ग्वाल्हेर परंपरेतले; बाळकृष्णबुवांचे शिष्य. त्यांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि आपली लेखनपद्धती शिष्यांमार्फत सर्वत्र नेली. दुसरीकडे, ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांच्या आश्रयाने आणि पं. विष्णु नारायण भातखंडे यांच्या मार्गदर्शनाखाली १९१८ मध्ये येथे माधव संगीत महाविद्यालय सुरू झाले, आणि तेथे राजाभैया पूछवाले यांच्यासारख्या ग्वाल्हेर गायकीच्या अधिकारी गुरूंनी भातखंडे पद्धतीने पिढ्या घडवल्या. त्यामुळे लष्करातल्या एकाच घरात दोन पद्धतींच्या वह्या निघणे अगदी स्वाभाविक आहे.

अडचण अशी की दोन्ही पद्धतींत खुणा त्याच आहेत, पण त्यांचे अर्थ वेगळे आहेत. स्वरावरचे टिंब भातखंडे पद्धतीत तार सप्तक दाखवते, पलुस्कर पद्धतीत मंद्र. भातखंडे पद्धतीत मंद्र सप्तकाचे टिंब स्वराखाली येते. स्वरावरची उभी रेघ भातखंडे पद्धतीत फक्त मध्यमावर येते आणि तीव्र मध्यम सांगते. पलुस्कर पद्धतीत ती कोणत्याही स्वरावर येऊ शकते आणि तार सप्तक सांगते. स्वराखालची आडवी रेघ भातखंडे पद्धतीत कोमलाची खूण आहे, पलुस्कर पद्धतीत मात्र ती एका मात्रेची आहे. तुमच्या यमनात ‘भलतेच कोमल स्वर’ आले ते या रेघांमुळे. पलुस्कर पद्धतीत कोमल स्वराला खाली हलन्तासारखी तिरकी खूण देतात आणि तीव्र मध्यमाला तीच खूण उलटी देतात. अर्ध्या मात्रेसाठी स्वराखाली लहान शून्य असते.

कोणतीही जुनी वही हाती आली की स्वर वाचण्याआधी तालाच्या खुणा पाहाव्यात. समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) फुली आणि खालीवर (टाळी नसलेल्या जागेवर) शून्य असेल तर वही भातखंडे पद्धतीची समजावी. समेवर १ हा आकडा आणि खालीवर अधिकाचे चिन्ह असेल तर पलुस्कर पद्धतीची. पलुस्कर पद्धतीच्या जुन्या आणि नंतरच्या लेखनात काही खुणा बदललेल्या आढळतात, तेव्हा एखादी खूण वरील वर्णनात बसली नाही तर तुम्हाला पूर्ण पाठ असलेली एखादी बंदिश त्या वहीत शोधा आणि तिच्यावरून अर्थ लावा. मूळ पानांवर पेनाने नव्या खुणा करू नका. वहीची छायाप्रत काढा, प्रतीवर भातखंडे पद्धतीच्या खुणा लाल पेन्सिलीने घाला, आणि प्रत्येक ओळ तंबोऱ्यावर गाऊन पाहिल्यावरच ती पक्की माना. यमनाच्या बंदिशीत सुरुवातीच्या ‘नी रे ग’ मधला नी वरच्या टिंबासह लिहिलेला दिसेल. तो मंद्र सप्तकातला आहे, तेथूनच आरंभ करा.